जागा सोडून बसा

१

मी दचकते. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, मागून कुणी हाक मारली तरी दचकते. फ्लॅश उडाला की समोरचं गिऱ्हाईक डोळे मिटतं आणि कॅमेऱ्यामागं मीही मिटते. बीएस्सी होऊन फोटो स्टुडिओत कशी लागले याचं लोकांना नवल वाटतं. त्यापेक्षा नवल म्हणजे टिकले कशी.

लातूरला नासिरभाईंचा स्टुडिओ आहे. पासपोर्ट, साखरपुडा, डोहाळजेवण, आणि मिक्सिंग. मिक्सिंग म्हणजे घरातलं माणूस जातं, आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचा राहून गेलेला असतो. मग उरलेली माणसं दिवाणावर बसतात, गेलेल्याची जागा मधे सोडून. आम्ही तसाच फोटो काढतो आणि जुन्या फोटोतला माणूस कॉम्प्युटरवर कापून त्या जागेत नेऊन बसवतो. भिंतीवर लावला की कुणाला ओळखू येत नाही. हळूहळू घरच्यांनाही आठवेनासं होतं की हे असे एकत्र कधी बसलेच नव्हते.

"माणसाएवढी जागा सोडायला लाव," नासिरभाई सांगतात. "कमी सोडली तर खांदा कापावा लागतो. जास्त सोडली तर घरात भांडणं हायेत असं वाटतं."

मला बाहेरच्या कामाला पाठवताना ते कॅमेऱ्याची डायल हिरव्या चौकोनावर फिरवून देतात. हिरवं म्हणजे ऑटो. तिथं उजेड किती घ्यायचा, शटर किती वेळ उघडं ठेवायचं, फोकस कुणावर धरायचा, सगळं कॅमेरा ठरवतो. डायलवर पुढं एव्ही, टीव्ही, एम अशी अक्षरं आहेत, ती क्रिएटिव्ह. तिथं आपण ठरवायचं. मला ती सगळी येतात, स्टुडिओत सराव केलाय. पण बाहेर पडताना ते म्हणतातच, "बेटा, तू हिरव्यावरच राहा. घाबरलेला माणूस काहीपण ठरवतो."

२

या वेळचं मिक्सिंग माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरचं होतं.

उज्वलाताईला कंधारकडच्या एका खेड्यात दिलेली. शेती बक्कळ, घर नवं, स्लॅबचं, पायरीला ग्रॅनाइट. दाजींचं नाव भुजंग. लोह्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरला मोटारसायकल धडकून ते गेले. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं, आणि ताई अजून तिथंच होती.

आमच्या अप्पांनी तिला आणायला तीनदा चकरा मारल्या. सासरचे नाही म्हणत नसत. चहा देत, न्या म्हणत. बॅग भरलेली असे. फक्त ताई दिवाणावरून उठत नसे. अप्पा बोलत, समजावत, एकदा तर रडले. ती ऐकून घेई आणि बसून राही. शेवटच्या खेपेनंतर अप्पांच्या छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. मग तिच्या सासूचा, साखराबाईंचा, फोन आला. घरचा एक फोटो करायचाय, म्हणाल्या, भुजंगसकट. तुमच्या पोरीला कॅमेरा घेऊन पाठवा. फोटो झाला की उज्वलाला घेऊन जा.

अप्पा मला म्हणाले, "दीपे, काही झालं तरी तिला घेऊनच ये."

लातूरहून कंधार, तिथून रिक्षा. पोचले तेव्हा दुपार होत होती. दाराशी सत्यम उभा होता, दाजींचा धाकटा भाऊ. बॅग घेतो म्हणाला नाही, या म्हणाला नाही. नुसता बाजूला सरला.

हॉलमध्ये पडदे ओढलेले. कूलरचा आवाज, ओल्या वाळ्याचा वास. दिवाणाच्या उजव्या टोकाला ताई बसली होती. मला बघून तिचे डोळे भरले, पण ती उठली नाही. मीच जाऊन तिच्या गळ्यात पडले. तिनं मला एकाच हातानं जवळ घेतलं, डाव्या. उजवा हात शेजारच्या चादरीवर पालथा ठेवलेला होता, तो तिथंच राहिला.

"जेवतीस कुठं?" मी विचारलं.

"इथंच."

"आणि झोपतीस?"

ती साखराबाईंकडं बघायला लागली. साखराबाई म्हणाल्या, "बाई, तू वकील हायस का फोटोवाली? उजेड हाय तवर उरकून घे."

३

मी स्टँड लावला. पडदे उघडायला सांगितले तर सासरे हणमंतराव म्हणाले ते राहू द्या, ऊन येतंय. ते खुर्चीवर बसले, त्यांच्या शेजारी दिवाणावर साखराबाई, मग जागा, मग ताई. सत्यमला मागं उभं केलं. मी नेहमीचं वाक्य म्हणाले, "माणसाएवढी जागा सोडून बसा." आणि लक्षात आलं की ती आधीपासूनच सोडलेली होती, बरोब्बर. चादरीवर तेवढ्याच भागात सुरकुत्या होत्या.

डायल हिरव्यावर. अर्धं बटण दाबलं की कॅमेरा फोकस शोधतो. सापडला की बारीक पिक् असा आवाज करतो आणि काचेत लाल ठिपका दाखवतो. लेन्स घरघरली, पुढं गेली, मागं आली. पिक्. ठिपका सोडलेल्या जागेवर लागला होता.

असं होतं कधीकधी. मी बटण सोडलं, परत दाबलं. पुन्हा तिथंच. म्हटलं मागच्या भिंतीवर धरत असेल. एक फोटो काढून बघितला. सगळे चेहरे धुरकट. भिंत मोठी करून पाहिली, तिच्यावरचं कॅलेंडरही धुरकट. मग नीट काय आलं होतं? ताईच्या पदराची जागेकडची कड. तिचा धागान् धागा मोजता आला असता.

"झाला का?" साखराबाई.

"अजून एक काढते. सगळ्यांनी इकडं बघा. काका, मान वर. सत्यमदादा, हात खाली."

"भुजंगला न्हाई म्हणलीस."

मला समजलं नाही.

"सगळ्यास्नी इकडं बघा म्हणून राहिलीस. त्यालाबी म्हण की. उगं वाईट वाटतंय त्याला."

मिक्सिंगला लोक असं काहीतरी करतातच. कुणी जागेसमोर चहा ठेवतं, कुणी त्यांची टोपी आणून ठेवतं. आपण मान द्यायचा, वाद घालायचा नाही. मी फोटोवालीच्या आवाजात म्हणाले, "दाजी, तुम्हीपण इकडं बघा."

सत्यमनं मागच्या मागं दिवाणाची कड घट्ट धरली, एवढंच दिसलं. लेन्स या वेळी घरघरली नाही. लगेच पिक्.

४

बाहेर पायरीवर येऊन नासिरभाईंना फोन लावला. लेन्स बिघडली का विचारलं. ते म्हणाले, परवाच साफ केलीय, लेन्स चांगली आहे.

"मग रिकाम्या जागेवर ठिपका का लागतोय?"

"हिरव्यावर जे सगळ्यात जवळ असतं ते धरतं ते," नासिरभाई म्हणाले. "मधे काही आलं असेल बघ. डास, धागा, काही."

मी पायरीवरूनच आत, कॅमेरा आणि दिवाण यांच्या मधल्या हवेत पाहिलं. धागा नव्हता.

आत आले तेवढ्यात लाईट गेली. कूलर बंद पडला आणि त्याच्याखाली दबलेली शांतता वर आली. पाच माणसांचा श्वास ऐकू येण्याइतकी. पाच म्हटलं आणि मी मोजले: हणमंतराव, साखराबाई, सत्यम, ताई. मग मी धरून पाच. बरोबर आहे. मला स्वतःला मोजायला नेहमी उशीर होतो.

आता उजेड फारच कमी. मी डायल टीव्हीवर आणली. तिथं शटरचा वेळ आपण ठरवतो. कॅमेरा स्टँडवर होता, म्हणून एक पूर्ण सेकंद ठेवला आणि सगळ्यांना हलू नका सांगितलं. तरी माणूस एक सेकंदही स्थिर नसतो. श्वास घेतो, पापणी हलते, नाडी चालते. असा फोटो थोडा विरघळल्यासारखा येतो. तसाच आला. हणमंतरावांच्या मिशा विरघळल्या होत्या, साखराबाईंची नथ दोनदा दिसत होती. ताईचा चेहरा तर ओळखू येत नव्हता. ती थरथरत होती.

फक्त तिचं उजवं मनगट स्वच्छ होतं. दगडात कोरल्यासारखं. कोपर हललेलं, बोटं हललेली, आणि मधे मनगट अजिबात न हललेलं. बांगड्या वर सरकून एका जागी गोळा झालेल्या, आणि त्यांच्याखाली कातडी थोडी आत गेलेली.

माझ्या डोक्यात तिच्या लग्नाचा अल्बम उघडला. तो मीच लावला होता. सप्तपदी, वरात, जेवणाची पंगत, प्रत्येक फोटोत दाजी तिच्या शेजारी, आणि त्यांच्या हातात तिचा हात नाही, मनगट. आम्ही हसलो होतो तेव्हा. केवढं प्रेम हाय, म्हणाली होती मावशी. दिवाळीला माहेरी आली तेव्हा ताई म्हणाली होती, ते बसलेले असले की मला उठता येत नाही. मी विचारलं होतं, म्हणजे काय? ती म्हणाली होती, म्हणजे उठता येत नाही.

बीएस्सी झालेलं डोकं सांगत होतं: मनगट उशीवर टेकलेलं असेल. मी दिवाणाकडं पाहिलं. उशी नव्हती.

५

मी भीतीनं जे करू नये ते केलं. खात्री करून घ्यायला गेले.

डायल एव्हीवर लावली आणि लेन्स पूर्ण उघडली. अशी उघडली की फोटोत फक्त एक पातळ थर नीट येतो. त्याच्या पुढचं मागचं सगळं धूसर. फोकस मात्र अजून कॅमेऱ्याच्या मर्जीवरच होता. जमिनीवर पांढऱ्या फरशा होत्या, दिवाणापासून माझ्या पायापर्यंत. थर कुठं पडलाय ते फरशीवर दिसणार होतं.

पहिल्या फोटोत दिवाणाच्या पायाजवळची फरशी नीट आली. तिच्यावर सांडलेली हळदीची पूडसुद्धा.

साखराबाई म्हणाल्या, "नुसती बटनं दाबून राहिलीस. बोल की त्याच्याशी. तू बोललीस की बरं वाटतंय त्याला."

"आत्याबाई, मी," मी म्हणाले तोवर त्यांनी तोडलं.

"म्हण, पुढं या. चेहरा न्हाई ना येत नीट? मग पुढं या म्हण."

आवाजात विनवणी नव्हती. गोठ्यात दावं कुणाकडं द्यायचं ते सांगावं तसा आवाज होता. हणमंतराव भिंतीकडं बघत होते. सत्यम म्हणाला, "आई, ती लहान हाय." साखराबाई वळून म्हणाल्या, "मग तुझी बायको आनू का इथं बसवायला?" त्याचं लग्न ठरलेलं होतं.

मी काही म्हणाले नाही. शपथेवर सांगते, तोंड उघडलं नाही. नुसतं बटण दाबलं, कारण दुसरं काय करावं कळत नव्हतं. दुसऱ्या फोटोत दिवाणाजवळची हळद धूसर झाली होती. नीट आली होती ती पुढची फरशी, खोलीच्या मधोमध. तिच्यावर काहीच नव्हतं.

मी स्क्रीनवरून डोळे काढून ताईकडं पाहिलं. तिनं बोटं हलवून पाहिली. मग, लहान मूल चोरून काहीतरी उचलतं तसं, मनगट चादरीवरून किंचित उचललं. आणि लगेच खाली ठेवलं, कुणीतरी मागं वळून पाहिल्यासारखं.

६

"दीपे," ताई हळूच म्हणाली. त्या घरात पाऊल ठेवल्यापासून तिनं माझं नाव पहिल्यांदा घेतलं. "बोलव ना त्यांना."

"ताई, काय बोलतीस?"

"तू बोलवलंस की येतात. माझं ऐकत नाहीत. बोलव. मला उठायचंय गं."

तिचे ओठ सुकलेले होते. केसांची वेणी मागं दिवाणाला घासून घासून चपटी झालेली. अप्पा डोळ्यासमोर आले, घरी खाटेवर, फोन उशाशी ठेवून. बॅग दाराशी भरलेली होती. दार उघडं होतं. सगळं तयार होतं, फक्त एक वाक्य म्हणायचं होतं, रोज दहादा म्हणते तसलं.

मी डायल एमवर फिरवली. तिथं कॅमेरा काही ठरवत नाही. लेन्सवरचं बटण सरकवून फोकसही त्याच्याकडून काढून घेतला. डावा हात लेन्सच्या खाली धरून रिंग फिरवत गेले, ताईचा चेहरा धुक्यातून वर आला, पापण्या दिसल्या, कपाळावरची जुन्या टिकलीची खूण दिसली. आता मी सांगेन तेच दिसेल. फ्लॅश उभा केला.

"सगळ्यांनी इकडं बघा," मी म्हणाले. आणि मग म्हणाले, "दाजी, या. इकडं माझ्याकडं या."

तेव्हा काय दिसलं ते मला विचारू नका. या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतला आरसा वर जातो आणि तेवढ्यापुरता काचेत काळोख होतो. जो क्षण फोटोत येतो तो फोटो काढणाऱ्याला कधीच दिसत नाही. फ्लॅश उडाला, मी दचकले, डोळे मिटले. डाव्या गालाला गार लागलं. कूलर बंद होता.

डोळे उघडले तेव्हा ताई उभी होती.

दोन्ही हात छातीशी धरून, जमिनीकडं बघत ती उभी होती. मग एक पाऊल टाकलं. मग धावतच दाराकडं गेली आणि चप्पल न घालता पायरी उतरली.

साखराबाई हलल्या तेवढ्या चपळाईनं त्या वयाचं माणूस हलत नाही. आतून कुंकवाची कोयरी आणली, नारळ आणला, तांदूळ आणले. मी स्टँड मिटत होते. त्यांनी माझी मान एका हातानं वर केली, कुंकू लावलं, आणि माझ्या ओढणीत नारळ घालून मूठमूठ तांदूळ टाकले. कुमारिकेची अशी ओटी भरत नाहीत, एवढं मलाही कळतं. भरतात ती साखरपुड्याला. पण बाहेर ताई हाक मारत होती, आणि मला त्या घराबाहेर पडायचं होतं. मी ओढणी तशीच धरली.

"जावा आता," हणमंतराव म्हणाले. माझ्याकडं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणजे मला वाटलं की माझ्याकडं.

सत्यम मला वाट द्यायला भिंतीला पाठ लावून उभा राहिला. एका माणसाला लागते त्याहून जास्त वाट त्यानं दिली.

७

कंधारपर्यंत काळीपिवळी मिळाली. मागच्या आडव्या बाकावर आम्ही दोघीच. नारळ मी फाट्यावरच्या चिंचेखाली ठेवून आले होते. ताई खिडकीशी बसली, वारा तोंडावर घेतला, उजवं मनगट डाव्या हातानं चोळत राहिली, आणि बघता बघता झोपली. तोंड थोडं उघडं, मान कशीही. कित्येक महिन्यांत न झोपलेलं माणूस झोपतं तशी. अप्पांना मेसेज केला: निघालो, ताई सोबत आहे. त्यांचा लगेच फोन आला. नुसते हुंदके येत होते. मी म्हणाले, अप्पा, आलोच.

मग कॅमेरा मांडीवर घेतला. शेवटचा फोटो मी अजून पाहिला नव्हता.

चांगला आला होता. खरंच चांगला, नासिरभाईंनी शाबासकी दिली असती. सगळे स्वच्छ, उजेड सारखा, जागा माणसाएवढी. आणि ती जागा खरोखर रिकामी होती. चादर ताठ. दिवाणाची पाठ, कॅलेंडरची तारीख, सगळं वाचता येत होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी एकटीच हसले.

मग चेहरे मोठे करून पाहिले. डोळे मिटलेले नाहीत ना, ही सवय.

डोळे उघडे होते सगळ्यांचे. पण कॅमेऱ्याकडं कुणाचेच नव्हते. हणमंतराव, साखराबाई, सत्यम, तिघंही लेन्सच्या थोडं बाजूला बघत होते, आणि तिघांची नजर एकाच ठिकाणी गेली होती. वर, माझ्या डाव्या कानाशी. उभ्या माणसाच्या तोंडाकडं बघावं तशी. सत्यमचा चेहरा रडवेला होता. साखराबाईंचा, पाहुणा नीट जेवला की घरच्या बाईचा होतो तसा.

ताईचा चेहरा मी शेवटी मोठा केला. तीही तिकडंच बघत होती. आणि ती हसत होती. लग्नाच्या सबंध अल्बममध्ये नाही असं, लहानपणी मला पुढं ढकलून स्वतः पळून जाताना हसायची तसं.

गाडी खड्ड्यात आपटली. ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं आणि म्हणाला, "ताई, त्यांना म्हणावं नीट धरून बसा, रस्ता खराब हाय." मी म्हणाले, झोपलीय ती. त्यानं आरसा थोडा वर फिरवून घेतला.

मला ताईला उठवायचं होतं. विचारायचं होतं, तुला काय दिसलं? तू कुणाला बघून हसलीस? तिचा खांदा माझ्या डाव्या हातापासून वीतभर लांब होता. तिला हलवायला फक्त तो हात मांडीवरून उचलायचा होता.

कंधार येईपर्यंत मी तो उचलायचा प्रयत्न करत होते.